संध्याकाळची चूळ

बाहुबली मगदूम यांचं उभ्या आयुष्यात कुणाशी वैर नव्हतं. पण गल्लीतल्या रस्त्यावरच्या दिव्यांशी मात्र त्यांचं रोजचं भांडण होतं. कोपऱ्यावरच्या खांबाला एक पत्र्याची पेटी होती, पेटीत एक खटका होता, आणि तो खटका ओढायचं काम गुंडा नावाच्या वायरमनकडं होतं. गुंडा आपल्या जुन्या मोटारसायकलवरून वॉर्डातली एकेक पेटी करत यायचा आणि मगदूमांची गल्ली त्याच्या वाटेवर सगळ्यात शेवटी पडायची. म्हणजे सांगलीभर दिवे लखलखायला लागले तरी इथं शेजारच्याचं तोंड दिसायचं नाही. अण्णा (बाहुबलींना सगळे अण्णाच म्हणत) व्हरांड्यात उभे राहून गुंडाची वाटच बघत असायचे. कुणीतरी गटारात पडल्याबिगर दिवं लावायचं न्हाई असं ठरवलंयस का रं, असं ते त्याला रोज विचारायचे. गुंडा रोज तेवढंच हसायचा आणि खटका ओढून निघून जायचा.

आतून त्यांच्या बायकोचा, चंदनबालेचा आवाज यायचा. सोडा की त्या पोराला, ती म्हणायची, आपल्याला सूर्य मावळल्यावर दिव्याचं काय काम, रांधणं न्हाई की जेवणं न्हाई. हे बोलताना ती अण्णांनाही टोमणा मारून घ्यायची, कारण दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांच्या जैन समाजातला रिवाज तिनं लग्न होऊन आल्यापासून कधी मोडला नव्हता आणि अण्णांनी तो सोयीप्रमाणे पाळला होता. यार्डातून यायला उशीर झाला की ते मुकाट्यानं झाकून ठेवलेलं खायचे. चंदनबाला काही बोलायची नाही, फक्त ताट वाढताना खिडकीबाहेरच्या अंधाराकडं एकदा बघायची. ते बघणं अण्णांना बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

अण्णांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. बापाच्या वेळेपासूनची. हळदीनं या घराला सगळं दिलं होतं, आणि चंदनबालेचा श्वासही तिनंच घेतला असं अण्णा पुढं म्हणायला लागले. ते काही पूर्ण खरं नव्हतं. चंदनबालेच्या आईलाही दमा होता. पण हळदीच्या हंगामात यार्डातून अण्णा घरी आले की त्यांच्या शर्टातून, धोतरातून, भुवयांमधून पिवळी धूळ उडायची, आणि तिला शिंका सुरू व्हायच्या. मग खोकला. मग छातीत बारीक शिट्टी वाजायची. कैक वर्षं तिनं ती शिट्टी पदराआड दाबली. अण्णांना सांगितलं तर ते धंदा सोडायचे नाहीत, पण अपराध्यासारखं तोंड करून हिंडतील, हे तिला ठाऊक होतं. शेवटी एका हंगामात जिना चढताना ती मध्येच बसली आणि तिला बोलता येईना, तेव्हा अण्णांनी तिला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर ऋषिराज कऱ्हाडकडचे. वय लहान, पण पेशंटला समजेपर्यंत सांगायची हौस मोठी. त्यांनी कागदावर झाडासारखं एक चित्र काढलं आणि म्हणाले, या आपल्या श्वासाच्या नळ्या, फांद्यांसारख्या बारीक बारीक होत गेलेल्या. दम्यात नळीचं आतलं अस्तर कायम थोडं सुजलेलं असतं. आपल्याला बरं वाटत असतं तेव्हाही असतं. मग धूळ, धूर, गार वारा, कसलंही निमित्त झालं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात. आधीच सुजलेली नळी, वरून आवळलेली, आत चिकट कफ. आत घेतलेला श्वास बाहेर पडायला वाट शोधतो, ती शिट्टी. अण्णांच्या शेतात ठिबक होती. क्षार साठलेली ठिबकची नळी वरून कुणी मुठीत धरली तर काय होईल हे त्यांना लगेच दिसलं. त्यांनी मान हलवली.

मग डॉक्टरांनी दोन पंप टेबलावर ठेवले. एक निळा, एक तपकिरी. निळा आवळलेले स्नायू सैल करतो. दहा मिनिटांत मोकळं वाटतं, पण तो सुजेला हातही लावत नाही. सूज उतरवणारा तो तपकिरी. त्याचा गुण लगेच दिसत नाही, आठवडे जावे लागतात, म्हणूनच लोक तो सोडून देतात आणि तिथंच घात होतो. हा सकाळी आठला आणि रात्री आठला, कितीही बरं वाटलं तरी. त्यांनी कागदाच्या पाठीवर तसं लिहूनही दिलं. पंप तोंडाला लावायचा तो प्लॅस्टिकचा लांबट डबाही दाखवला. चंदनबाला सगळं ऐकून घेत होती. घरी आल्यावर तिनं दोन्ही पंप देवघराशेजारच्या फळीवर मांडले आणि सकाळी आठला नि रात्री आठला तपकिरी पंप ओढायला लागली. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं हा तिचा स्वभावच होता. आठ म्हणजे आठ.

महिन्याभरात शिट्टी बंद झाली. ती जिना चढून गच्चीवर पापड घालून आली. अण्णा व्हरांड्यात बसून तिची पावलं ऐकत होते, आणि एवढा आनंद त्यांना हळदीचा भाव चढल्यावरही कधी झाला नव्हता.

मधे एक विघ्न आलं. तिच्या जिभेवर पांढरे चट्टे उठले, घशात जळजळ व्हायला लागली, अन्न गिळवेना. पुन्हा डॉक्टर. त्यांनी तोंड बघितलं आणि विचारलं, तपकिरी पंपानंतर चूळ भरता ना? ती कसली, म्हणून दोघं एकमेकांकडं बघायला लागले. डॉक्टर जरा चिडलेच. त्या औषधाचे कण तोंडात राहतात, त्यानं बुरशी होते. पंप ओढला की खळखळून चूळ भरायचीच, आणि आता पक्कं लक्षात ठेवा, चूळ भरल्याशिवाय हा पंप घ्यायचा नाही. चंदनबालेनं ते वाक्य मनावर कोरून घेतलं. पंधरवडाभर पेजेवर राहिलेलं माणूस ते विसरणार तरी कसं.

आषाढात चातुर्मास लागला. त्या वर्षी गल्लीच्या मागच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एका आर्यिका माताजींचा, साध्वींचा, मुक्काम होता. चंदनबालेनं त्यांच्यापुढं नियम घेतला की चातुर्मास संपेपर्यंत सूर्य मावळल्यावर अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. माताजींनीच तिला विचारलं, तुला दम्याचं दुखणं आहे ना, मग औषधाची सूट ठेव. तिनं ठेवली. अण्णा तिथंच मागं उभे होते, त्यांनी हे आपल्या कानानं ऐकलं आणि निर्धास्त झाले. घरी येताना ते तिची थट्टाही करत होते, की माताजी तुझ्यापेक्षा व्यवहारी निघाल्या.

औषधाला सूट होती. चुळीच्या पाण्याला नव्हती.

हे अण्णांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्यासाठी चूळ म्हणजे चूळ, ती काय पिणं होतं? पण चंदनबाला वेगळ्या मातीची होती. तोंडात घेतलेलं पाणी सगळंच्या सगळं बाहेर पडतं असं ती धरून चालणारी नव्हती. एकीकडं नियम, दुसरीकडं डॉक्टरांचं वाक्य. रात्री आठला पंप घ्यायचा तर चूळ भरायला हवी, चूळ भरायची तर पाणी तोंडात जाणार. दोन मोठी माणसं दोन गोष्टी सांगून बसली होती आणि तिला दोघांचाही शब्द मोडायचा नव्हता. तिनं तिच्या मनाशी वाट काढली. रात्रीचा तपकिरी पंप सोडला. सकाळचा चालू ठेवला. आणि हे कुणालाच सांगितलं नाही.

श्रावणात तपासणीला नेलं तेव्हा तिला थोडी धाप होती, पण पावसाळी हवा आहे म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. औषधं नियमानं चालू आहेत ना, डॉक्टरांनी विचारलं, आणि तिच्याआधी अण्णाच बोलले, एकदम कडक, घड्याळ लावून. डॉक्टरांनी अडीअडचणीला असाव्यात म्हणून पांढऱ्या गोळ्यांची एक पट्टी लिहून दिली. फार दम लागला तर या घ्यायच्या आणि लगोलग दवाखाना गाठायचा. बाहेर येऊन गाडीत बसताना चंदनबाला म्हणाली, "एक इचारायचं ऱ्हायलंच बगा."

अण्णांना यार्डात सौद्याची वेळ गाठायची होती. त्यांनी गाडी मागं घेत घेत सांगितलं, "फुडल्या खेपेला इचार की." ती बरं म्हणाली. काय विचारायचं होतं हे त्यांनी विचारलं नाही. पुढं त्या एका गोष्टीसाठी ते स्वतःला किती बोलले याला हिशेब नाही.

निळा पंप भराभर संपायला लागला. औषधाच्या दुकानातून नवा आणून फळीवर ठेवायचं काम अण्णांचं, आणि ते मोठ्या हौसेनं करायचे. त्यांना वाटायचं, संपतोय म्हणजे बाई वेळच्या वेळी औषध घेतेय. शेजारचा तपकिरी किती दिवस चाललाय याकडं त्यांचं लक्षच गेलं नाही. खरं तर उलट वाचायला हवं होतं. निळा जितका लवकर संपतो तितकी आतली सूज वाढत असते. अण्णा यार्डात हळकुंड हातात घेऊन त्याची जात सांगायचे, पण घरातल्या फळीवरचं त्यांना दिसलं नाही.

पर्युषण तोंडावर आलं होतं. त्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं, झड लागलेली, कृष्णेवरून गार दमट वारा सुटलेला. चंदनबालेला गार वारं सोसत नव्हतं म्हणून घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. दुपारीच तिनं निळा पंप दोनतीनदा ओढला. पाचाला ती जेवली, थोडंसंच. अण्णा त्या दिवशी घरीच होते. सात वाजून गेल्यावर मागच्या बस्तीत आरतीची घंटा झाली, आणि आतल्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

ती पलंगाच्या कडेला हात टेकून पुढं वाकून बसली होती. तांब्या खाली लवंडला होता. खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते, गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती. अण्णांनी प्लॅस्टिकचा डबा तिच्या तोंडाला लावला आणि निळा पंप दाबला, थांबून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. एरवी दहा मिनिटांत मोकळा होणारा श्वास मोकळा झाला नाही. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पंप देत राहा, पांढऱ्या गोळ्या आत्ताच्या आत्ता पाण्याबरोबर द्या आणि निघा, मी दवाखान्यातच आहे.

गोळ्या म्हटल्यावर तिनं हात पुढं केला. औषधाला सूट होतीच. तिनं त्या तशाच कोरड्या तोंडात टाकल्या. तोंडानं श्वास ओढून ओढून जिभेला कोरड पडलेली, गोळ्या टाळूला चिकटल्या, आणि त्या इतक्या कडू की तिला उमासा आला आणि सगळ्या बाहेर पडल्या. अण्णांनी पट्टीतल्या दुसऱ्या काढल्या. फडक्यातून गाळून ठेवलेल्या पाण्याचा पेला भरला आणि तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवली. पेला बाजूला केला आणि बोट बंद खिडकीकडं केलं.

अण्णांना कळलं. असलं काही कळायला त्यांना शब्द लागत नव्हते. पेल्यातलं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत होतं. बाहेर सूर्य कधीचा मावळला होता, आरतीसुद्धा होऊन गेली होती.

"अजून हाय," अण्णा म्हणाले. "ढगात हाय, पण हाय. मावळला न्हाई. घे."

तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. श्वास घेण्याच्या त्या धडपडीतही ती बघत राहिली, अण्णांना वाटलं फार वेळ बघत राहिली. मग तिनं पेला घेतला, गोळ्या टाकल्या आणि त्या पाण्याबरोबर गिळल्या. पेला रिकामा करून परत दिला.

आर्जव, त्यांचा मुलगा, कऱ्हाडला नोकरीला आणि तिथंच शेजारच्या मलकापुरात राहायला. त्याला निघ म्हणून फोन करून अण्णांनी स्वतःच गाडी काढली. चंदनबालेला पुढच्या सीटवर बसवलं. तिला बंद काच सोसेना म्हणून काच थोडी खाली केली. गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर आली, आणि तिथं पत्र्याच्या पेटीजवळ गुंडा पावसात भिजत उभा. त्यानं खटका ओढलेला होता. सगळी गल्ली उजळलेली होती. वर आभाळ काळंठिक्कर, ओल्या रस्त्यावर दिव्यांचा पिवळा उजेड पसरलेला, काच उघडी. लपवायला काही उरलं नव्हतं.

आता ती बघणार, ताट वाढताना खिडकीबाहेरच्या अंधाराकडं बघायची तसं, आणि त्या बघण्यापुढं आपल्याला तोंड दाखवता यायचं नाही असं अण्णांना वाटलं. तिनं दिव्यांकडं बघितलं. एकेक शब्दाला एकेक श्वास लावत ती बोलली.

"आज... दिवं... लवकर लावलेत."

अण्णांनी समोर बघत गाडी तेवढी जोरात सोडली.

दवाखान्यात सगळी तयारी होती. ऑक्सिजन, तोंडावर वाफेचा मास्क, हातात सुई. डॉक्टर ऋषिराज एकामागून एक औषधं देत होते आणि देता देता अण्णांना विचारत होते. तपकिरी पंप दोन्ही वेळा चालू होता ना? होता, अण्णा म्हणाले, रात्रीची सूट आहे औषधाला, नियमातसुद्धा. तेव्हा चादरीखालून चंदनबालेनं त्यांचा हात धरला.

पूर्वी यार्डात हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. अडत्या आणि व्यापारी एकमेकांची बोटं रुमालाआड दाबून भाव ठरवायचे, बाजूच्याला पत्ता लागायचा नाही. अण्णांनी नव्या नवरीला ती बोटांची भाषा शिकवली होती, आणि घरात मोठी माणसं बसलेली असताना पदराआड दोघांचे सौदे चालायचे. किती वाजता गच्चीवर येणार, असले सौदे. किती वर्षांत ते खेळ झाले नव्हते. आता चादरीखाली तिनं त्यांचं एक बोट धरलं आणि दाबलं. एकच. मग मास्कच्या आत गाल फुगवून चूळ भरल्यासारखं केलं आणि नकाराची मान हलवली.

अण्णांना ते उलगडायला क्षणभर लागला. ते डॉक्टरांकडं वळले आणि सांगितलं, की एकदाच घेत होती, रात्रीचा घेत नव्हती, चुळीच्या पाण्यासाठी. डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मग संध्याकाळी जेवणाआधी घ्यायचा होता. पाच-सहाला घेऊन चूळ भरली असती तरी चाललं असतं. आठलाच हवा असं काही नव्हतं. मला एकदा विचारायचं होतंत."

बोलल्यावर त्यांनाच वाईट वाटलं आणि ते सुई बघण्याच्या निमित्तानं दुसरीकडं वळले. चंदनबालेनं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. स्वयंपाकात मीठ घालायचं विसरलं आणि पंगत उठल्यावर लक्षात आलं, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. अण्णांना गाडीतलं वाक्य आठवलं. एक इचारायचं ऱ्हायलंच बगा.

पांढऱ्या गोळ्यांचा गुण यायला काही तास लागतात. इंजेक्शनलाही लागतात. तेवढे तास तिच्या नळ्यांनी दिले नाहीत. ती दमली. दम्याच्या माणसाचं हे मोठं दुर्दैव, की श्वास कोंडण्याइतकंच तो ओढून ओढून थकणंही त्याला मारतं. मशीनवर घेतलं, आर्जव येऊन पोचला, त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. सकाळी तिचं सगळं थांबलं.

पुढचे दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. पर्युषण आलं आणि गेलं. आर्जवनं वडिलांना मलकापूरला चला म्हणून परोपरीनं सांगितलं, ते गेले नाहीत. त्यांना एकच गोष्ट खात होती. चुळीचं, पंपाचं, विचारायचं राहून गेलेल्या प्रश्नाचं दुःख होतंच, ते छातीवर धोंड्यासारखं होतं. पण त्याच्याही खाली आणखी एक होतं, जे आर्जवला सांगता येत नव्हतं. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात घेतलेला नियम एकदाही मोडला नाही, तिला जाता जाता खोटं बोलून आपण पाणी पाजलं, आणि तेही कामी आलं नाही.

शेवटी ते बस्तीत गेले आणि माताजींपुढं बसून सगळं सांगितलं. नियम मोडला तो कुणाचा, त्यांनी विचारलं, तिचा की माझा, आणि तिच्या वाटचं प्रायश्चित्त मला घेता येतं का. माताजी म्हणाल्या, औषधाबरोबरची चूळ औषधातच धरली असती, तिनं विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. आणि पाण्याचं म्हणाल, तर दिवस आहे असं समजून जो पितो त्याचा नियम मोडत नाही.

"तिला तुमचं बोलणं खरं वाटलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

अण्णांना हो म्हणता आलं नाही. बंद खोलीत बसून सूर्य किती खाली गेला हे जी नुसत्या चिमण्यांच्या आवाजावरून सांगायची, तिला खरं वाटलं असेल? आरतीची घंटा तिनं ऐकली नसेल? आणि गल्लीतले दिवे कधी लागतात हे तर घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं, त्यावरून रोज भांडण व्हायचं. ती जाणून होती. पेला हातात घेतानाच जाणून होती. पेला धरून नवरा समोर उभा आहे, त्याला आपण जगायला हवे आहोत, म्हणून तिनं ते पाणी घेतलं. आणि मग त्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून, जो श्वास जिवापाड सांभाळायचा तो खर्चून, त्याला ते वाक्य दिलं. माताजींसमोर बसल्या बसल्या अण्णांना हे सगळं लख्ख दिसलं आणि ते लहान मुलासारखे रडले. माताजींनी त्यांना रडू दिलं. मग एवढंच म्हणाल्या, की तिचा चातुर्मास अर्धा राहिलाय, जमलं तर तुम्ही पुरा करा.

त्या दिवसापासून अण्णा उजेड असतानाच जेवायला लागले आणि सूर्य मावळला की पाण्याला शिवेनासे झाले. व्हरांड्यात बसायचे ते मात्र चालू राहिलं. गुंडा यायचा, खटका ओढायचा, आणि अण्णा काहीच बोलायचे नाहीत. चारपाच दिवस गेल्यावर गुंडालाच ते सोसेना. तो फाटकापाशी येऊन उभा राहिला.

"आण्णा, आताशा वरडत न्हाईसा."

अण्णा म्हणाले, "गुंडा, माजं एक काम करशील? येक दिवस दिवं लवकर लाव."

"लवकर म्हंजे कवा?"

"ऊन असताना."

गुंडाला काही उमजलं नाही. भर उन्हात दिवे लावले तर वरचे विचारतील, असं काहीतरी तो म्हणणार होता, पण अण्णांचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. उद्या हितनंच सुरवात करतो, असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. अण्णांनी जेवण उरकलं. चंदनबालेच्या फडक्यातून पाणी गाळलं, पेला भरून घेतला आणि व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या. समोरच्या पाण्याच्या टाकीवर अजून ऊन होतं. चिमण्या कडुलिंबावर गोंधळ घालत होत्या. कोपऱ्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, पत्र्याची पेटी उघडली, आणि गल्लीतले दिवे लागले. उन्हात ते दिसतही नव्हते. नीट निरखून बघितलं तर काचेच्या आत थोडंसं पिवळं काही जाणवायचं, तेवढंच.

अण्णांनी पेल्यातलं पाणी सावकाश पिऊन संपवलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "आज दिवं लवकर लावलेत."